कुर्ल्याचा बंपर पुन्हा कुर्ल्यात

मुंबईत कुर्ला पश्चिमेस 'प्रीमियर रोड' या नावाचा रस्ता आहे. आज त्या परिसरात कोहिनूर सिटीच्या उंच इमारती उभ्या आहेत. नवखा माणूस रस्त्याचे नाव वाचून पुढे जातो. परंतु ज्यांच्या घरी कधीकाळी फियाट होती, त्यांची पावले येथे क्षणभर थबकतात. प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मोटार कारखाना याच भूमीवर होता. ही कंपनी १९४४ साली शेठ वालचंद हिराचंद यांनी स्थापन केली. वालचंदजींचा जन्म १८८२ साली सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात झाला. रेल्वेची कंत्राटे, जहाज, विमान आणि अखेर मोटार, अशा चढत्या क्रमाने त्यांनी देशी उद्योगाचा पाया घातला. १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे फियाट ११०० या गाडीने कुर्ल्याचे नाव गावोगावी पोहोचविले.

त्या काळी मोटार दुकानात जाऊन विकत घेण्याची वस्तू नव्हती. नाव नोंदवायचे, पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. म्हणून गाडी आली की ती घरातील एक व्यक्तीच होऊन जाई. सोलापुरात सुताचा व्यापार करणाऱ्या आमच्या घरी १९६८ ची फियाट ११०० डिलाइट अशीच आली. आजोबांनी घेतली, वडिलांनी चालविली, आणि धाकट्या काकांनी आजवर सांभाळली. इंजिनाचे काम सोलापुरातच झाले, रंगही तेथेच झाला. अडले ते बंपरांशी. पुढच्या बंपरचा मुलामा फुगून त्यास पापुद्रे सुटले होते. मागच्या बंपरवर बोल्टांच्या भोकांभोवती तांबूस वर्तुळे उमटली होती. नव्या रंगाच्या गाडीवर ते बंपर दिसत, तेव्हा धुतलेल्या अंगरख्यावर जुनी पगडी घातल्यासारखे वाटे.

बाजारात स्टेनलेस स्टीलचे तयार बंपर मिळतात आणि ते स्वस्तही पडतात. परंतु त्यांची चमक करडी असते, क्रोमची निळसर. शेजारी जुनी जाळी आणि दिव्यांच्या कड्या असल्या की फरक लगेच डोळ्यांत भरतो. शिवाय काकांचे म्हणणे असे, की वस्तू दुरुस्त होत असेल तर ती टाकायची कशाला? सोलापुरात विचारणा केली. लहानसहान भागांचे काम होते, पण एवढ्या लांबीचा बंपर बुडेल अशी टाकी जवळपास आढळली नाही. तेव्हा मुंबईस जाण्याचे ठरले.

दोन्ही बंपर जुन्या चादरींत गुंडाळले, वर गोणपाट शिवले, आणि माघ महिन्यातील एका रात्री काका व मी सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघालो. बंपर बाकाखाली नीट मावले. समोरच्या प्रवाशाने विचारले, "काय सामान आहे?" काका म्हणाले, "कुर्ल्याचं माहेर आहे, पोहोचवायला निघालोय." त्या गृहस्थांस अर्थ उमगला नसावा, पण त्यांनी आपली पिशवी आदराने बाजूस सरकविली.

पहाटे मुंबईस उतरलो. टॅक्सीच्या टपावर बंपर बांधून कुर्ल्याची वाट धरली. ती टॅक्सी पद्मिनी नव्हती, असणारही नव्हती. कुर्ल्याच्या फियाटचाच पुढचा अवतार असलेली प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या टॅक्सींतून कायमची निवृत्त झाली.

कुर्ल्याचा सीएसटी रोड ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांस मोटारींचे सुटे भाग, आसने, काचा, दिवे, दरवाजे यांची दुकाने लागलेली. एखादी गाडी संपूर्ण उकलून तिचे अवयव फळ्यांवर मांडावेत, तसे दृश्य. येथून साकीनाक्याच्या दिशेने जावे तसतसे गल्ल्या अरुंद होतात आणि धातूच्या कामाचे लहान गाळे सुरू होतात. ओतकाम, लेथ, घासाई, बफिंग, प्लेटिंग. एका गाळ्यातून निघालेला माल दुसऱ्यात शिरतो. दुपारी तेथे उभे राहिले की तोंडात धातूची चव येते.

पहिल्या गाळ्यात आमचे स्वागत तत्परतेने झाले. तेथील तरुण कारागिराने गोणपाट उसवून बंपर पाहिले न पाहिले आणि दर सांगितला. तो आमच्या अंदाजाच्या निम्मा होता. मुदत तीन दिवस.

"तांब्याचा थर देणार का?" काकांनी विचारले. निघण्यापूर्वी त्यांनी सोलापुरातल्या एका जुन्या मेकॅनिककडून एवढी माहिती घेतली होती.

"तांब्याची काय गरज शेठ? घासून वर निकल, त्यावर क्रोम. आरशासारखं दिसेल."

काका गाळ्याच्या मागच्या बाजूस गेले. तेथे तीन-चार टाक्या होत्या. त्यांतील धुण्याचे पिवळे पाणी फरशीवरून वाहत भिंतीतल्या भोकाकडे जात होते.

"हे पाणी कुठे जातं?"

"मागं नाला आहे ना."

काकांनी बंपर पुन्हा बांधायला सांगितले. तरुणाने दर आणखी उतरविला. काका हसून म्हणाले, "दराबद्दल माझी काही तक्रार नाही, बाळा." आम्ही बाहेर पडलो. भावात सवलत मिळत असूनही काका सौदा सोडून उठले, असे मी प्रथमच पाहिले.

दुसऱ्या गाळ्याचा पत्ता घाटकोपरच्या नातलगांनी दिला होता. येथील मिस्त्री पन्नाशी ओलांडलेले, मूळचे सातारा जिल्ह्यातले. त्यांनी दर सांगण्यापूर्वी बंपर उलटा केला. मागची बाजू हाताने चाचपली, लहान हातोडीने जागोजागी हलके ठोकून आवाज ऐकला. मग म्हणाले, "शेठ, गंज पुढून येत नाही, मागून येतो. पुढं फक्त दिसतो. जुना मुलामा उतरवल्याशिवाय मी भाव सांगणार नाही."

त्यांनी आम्हांस दोन दिवस थांबविले. त्या दोन दिवसांत या कामाची पहिली पायरी आम्ही पाहिली. जुने क्रोम आधी रसायनात उतरवितात; मग निकल उतरविण्यासाठी वस्तू दुसऱ्या द्रावणात ठेवून विजेचा प्रवाह उलटा सोडतात. मुलामा चढविताना वीज धातू आणून बसविते. उलट्या दिशेने सोडली की तीच वीज तो सोडवून नेते. मुलामा गेल्यावर बंपरचे खरे रूप बाहेर आले. मागचा बंपर ठणठणीत निघाला. पुढच्या बंपरच्या डाव्या टोकाशी मात्र बोटभर जागेत पत्रा चाळणीसारखा झाला होता.

मिस्त्रींनी त्या जागेवर बोट ठेवले. "इथं दोन मार्ग आहेत. भोकं भरून, वरून घासून देतो. आज कुणाला कळणार नाही, दोन पावसाळ्यांत पुन्हा फुगेल. नाहीतर एवढा तुकडा कापून नवा पत्रा जोडतो, वेल्डिंग घासून सपाट करतो. त्याला वेळ लागेल आणि पैसे लागतील."

"तुकडा जोडा," काका म्हणाले.

एवढे ठरल्यावरच दर सांगितला गेला. तो पहिल्या गाळ्याच्या दुपटीहून अधिक होता आणि मुदत तीन आठवड्यांची. मिस्त्रींनी प्रत्येक नट, बोल्ट, पट्टी मोजून चिठ्ठीवर लिहून दिली आणि म्हणाले, "तांबं चढवून ठेवतो. निकल-क्रोम तुमच्या समोर."

तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा गाळ्यात दोन तांब्याचे बंपर टांगलेले होते. पहिल्या क्षणी ते आपले आहेत असे वाटलेच नाही. देवघरातील उजळलेल्या घंगाळासारखा त्यांचा रंग होता.

क्रोमच्या कामातील मुख्य गोष्ट येथे उमगते. लोक ज्यास क्रोम म्हणतात ते प्रत्यक्षात तीन धातूंचे काम असते. तळाशी तांबे. ते मऊ असते, बारीक खळगे भरते, आणि कापडी चाकावर घासले की एकसंध सपाट होते. हे चढविणे-घासणे एकदा करून भागत नाही. जुन्या बंपरवर ते दोन-तीन वेळा करावे लागते. त्यावर निकल, सामान्यतः वीस ते चाळीस मायक्रॉन. गंजापासून खरे रक्षण निकलच करते. सर्वांत वर क्रोम, आणि ते असते मायक्रॉनचा पाव ते अर्धा हिस्सा. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर ज्या थराच्या नावाने हे सारे काम ओळखले जाते तो केसाच्या सुमारे दोनशेव्या हिश्श्याइतका भरतो. तो निकलला काळवंडू देत नाही, ओरखडे रोखतो आणि ती निळसर झाक देतो. पण तो काहीही झाकू शकत नाही. खाली ओरखडा असेल तर वर ओरखडाच चमकतो.

काकांनी तांब्याच्या बंपरवर छताच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहिले. बंपर हळूहळू फिरविला. जोडलेल्या तुकड्याजवळ प्रकाशाची रेघ अगदी किंचित वळली. मिस्त्रींनीही ते पाहिले. काही न बोलता त्यांनी तो बंपर पुन्हा बफिंगच्या चाकाकडे नेला आणि अर्धा तास स्वतः घासला. नंतर रेघ सरळ आली. सुताची लडी उजेडाकडे धरून पारखण्यात आयुष्य गेलेल्या माणसास ही परीक्षा कुणी शिकवावी लागली नाही. "कल्हईवाला आधी भांडं घासतो ते उगाच नाही," एवढेच ते म्हणाले.

निकलची टाकी हिरव्या पाण्याची. पाणी चांगले कढत. पन्नास-साठ अंशांवर राखलेले. तांब्याच्या आकड्यांना टांगून बंपर त्यात सोडला. काही व्होल्टचाच दाब, पण प्रवाह शेकडो अँपिअरचा. पाऊण तासाने तो वर आला तेव्हा चांदीसारखा, पण किंचित पिवळसर. मोटारींच्या आरंभकाळी गाड्यांवर हेच निकल असे आणि ते वारंवार उजळावे लागे. १९२० च्या दशकात वर क्रोम देण्याची पद्धत व्यवहारात आली आणि तो व्याप संपला.

नंतर धुणे. पुन्हा धुणे. मग क्रोमची टाकी. तिचे द्रावण गडद तांबडे. तीत लटकविलेल्या पट्ट्या क्रोमच्या नसून शिशाच्या मिश्रधातूच्या असतात. क्रोम त्या पाण्यात विरघळलेल्या आम्लातूनच येते. येथे बंपर राहिला जेमतेम तीन-चार मिनिटे. बाहेर काढून धुतला आणि त्या अंधाऱ्या गाळ्यात अचानक खिडकी उघडल्यासारखे झाले. काकांचा चेहरा त्यात लांबट, रुंद, हसरा दिसत होता.

मी मिस्त्रींस विचारले की तीन मिनिटांच्या कामाचे एवढे मोल का. ते म्हणाले, "तीन मिनिटांचे पैसे मी घेतच नाही. घासाईचे घेतो, आणि पाण्याचे."

पाण्याचे म्हणजे काय, ते त्यांनी गाळ्यामागे नेऊन दाखविले. प्रत्येक टाकीनंतर वस्तू धुवावी लागते, आणि या धंद्यातील सांडपाणी मुख्यतः या धुण्याचेच असते. त्यांनी तीन हौद ओळीने मांडले होते. वस्तू पहिल्यातून तिसऱ्याकडे जाते आणि स्वच्छ पाणी तिसऱ्यातून पहिल्याकडे उलट वाहते. त्यामुळे पाणी थोडक्यात भागते आणि मळके पाणी एकाच जागी गोळा होते. क्रोमचे हे पाणी पिवळे असते. त्यात जे षट्संयुजी क्रोमियम असते ते अत्यंत विषारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते मानवास कर्करोगकारक ठरविले आहे. आपल्या देशाच्या नियमानुसार नदी-नाल्यात सोडावयाच्या पाण्यात ते लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये.

मिस्त्रींच्या मदतनिसाने त्या पिवळ्या पाण्यात थोडे आम्ल व मग सोडियम मेटाबायसल्फाइट घातले. ढवळता ढवळता पिवळा रंग जाऊन हिरवा आला. विषारी क्रोमियमचे कमी घातक रूपात परिवर्तन झाल्याची ती खूण. मग चुन्याची निवळी. हिरवा गाळ सावकाश तळाशी बसला आणि वर पाणी नितळ झाले. हा गाळही घातक कचराच असल्याने तो पोत्यांत भरून वेगळा ठेवलेला. अधिकृत वाहनाने तो घातक कचऱ्याच्या केंद्राकडे जातो. पहिल्या तांब्याच्या थरासाठी लागणारे सायनाइडचे द्रावण तर दुसऱ्याच भिंतीआड होते, कारण त्यात आम्लाचा अंश मिसळला तरी प्राणघातक वायू सुटतो.

टाकीवर माणसे काम करतात, त्यांचे काय? क्रोमच्या टाकीत वीज चालू असता वायूचे असंख्य बुडबुडे उठतात आणि त्यांबरोबर आम्लाचे सूक्ष्म तुषार हवेत जातात. वर्षानुवर्षे ते श्वासातून गेले तर नाकाच्या आतील पडद्यास भोक पडते. या धंद्यातील हा जुना, ओळखीचा आजार. मिस्त्रींच्या टाकीवर प्लॅस्टिकचे पोकळ गोळे तरंगत होते, काठाशी हवा ओढून घेणारा पंखा होता, आणि कामगारांच्या हातांत कोपरापर्यंत मोजे होते. मिस्त्री म्हणाले, "माझ्या उस्तादांच्या काळात यातलं काहीच नव्हतं. ते गेले तेव्हा साठीचेही नव्हते." पुढे ते काही बोलले नाहीत, आम्हीही विचारले नाही.

परतताना टॅक्सी सीएसटी रोडच्या पुलावरून गेली. खाली मिठी नदी. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी ही नदी साकीनाका, कुर्ला ओलांडून सुमारे अठरा किलोमीटरनंतर माहीमच्या खाडीस मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा हीच नदी लोकांच्या घरांत शिरली आणि मुंबईस आपल्याकडे एक नदी आहे याची आठवण झाली. एरवी तिचे पाणी काळे, जड, हलल्यासारखे न वाटणारे. पहिल्या गाळ्यातल्या भिंतीच्या भोकातून गेलेले पाणी याच बाजूस कुठेतरी येत असणार.

काका खिडकीतून पाहत होते. म्हणाले, "आपण घरात पाणी गाळून वापरतो. वापरल्यावर ते कुठे जातं, हे पाहायची सवय मात्र आपल्याला लागली नाही. सूत रंगवून घेतानाही मी कधी रंगारीवाल्याला विचारलं नव्हतं." थोड्या वेळाने म्हणाले, "आता विचारीन."

सोलापुरात सुताला रंग देणारे कारखाने आहेत आणि आमच्या पेढीचा त्यांच्याशी पिढ्यांचा व्यवहार आहे. परतल्यावर पहिल्याच आठवड्यात काका तिघांकडे जाऊन आले. एकाकडे शुद्धीकरणाची सोय चांगली चालू होती. दुसऱ्याकडे यंत्रे होती, पण बंद. तिसऱ्याने विषय बदलला. तिसऱ्याकडचे आमचे काम आता पहिल्याकडे जाते. किलोमागे भाव थोडा अधिक पडतो. घरात यावर वाद झाला नाही असे नाही. माझ्या धाकट्या भावाचे म्हणणे, की आपण एकट्याने अधिक भाव द्यावा आणि शेजारच्या पेढीने कमी भावात माल उचलावा, यात नदीचे काय भले होणार? प्रश्न रास्त आहे. काकांचे उत्तर एवढेच, की कमी भावाचा उरलेला हिस्सा कुणीतरी भरतच असतो. तो कोण, हे ठाऊक झाल्यावर हिशोब पूर्वीसारखा मांडता येत नाही. हा वाद अद्याप मिटलेला नाही, आणि यंदाच्या दिवाळीचे हिशोब होईपर्यंत मिटेल असे दिसत नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुनी फियाट, अ‍ॅम्बेसेडर वा स्कूटर असेल, म्हणून व्यवहाराच्या चार गोष्टी नोंदवितो. काम देताना विचारावे: जुना मुलामा पूर्ण उतरविणार का, तांब्याचा थर देणार का, तांब्याच्या टप्प्यावर माल पाहू देणार का, आणि धुण्याचे पाणी कुठे जाते. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे ऐकून घ्यावीत, चौथ्याचे उत्तर स्वतः मागे जाऊन पाहावे. सुटे भाग मोजून लिहून घ्यावेत व छायाचित्रे काढून ठेवावीत. बंपर परत आल्यावर त्याच्या आतील बाजूस गंजरोधक रंग द्यावा, कारण गंज तिकडूनच येतो. पुढची बाजू साध्या पाण्याने धुवून कोरडी करावी, वर्षातून दोनदा मेण लावावे, आणि भांडी घासण्याची पूड तिला कधीही लावू नये. एवढ्या पातळ थरास ती सोसत नाही.

आमची फियाट आता सणावारी बाहेर निघते. मुले तिच्या बंपरात तोंडे वेडावून पाहतात. डाव्या टोकाचा जोड कुठे आहे हे काकांखेरीज कुणालाही दाखविता येत नाही. बार्शीच्या आमच्या नात्यातील घराची अ‍ॅम्बेसेडर पुढील महिन्यात याच कामासाठी उकलली जाणार आहे. मिस्त्रींचा पत्ता त्यांनी मागितला, तेव्हा काकांनी तो दिला आणि सोबत बजावले, "भाव करू नका. भाव बरोबर आहे, मी आत जाऊन पाहिला आहे."